उच्च शिक्षणाचें माप

महाराष्ट्राचें उच्च शिक्षण कसें चाललें आहे असें कोणीं विचारलें, तर हल्लीं उत्तर आंकड्यांत मिळतें. २०२१-२२ सालच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणें १८ ते २३ वर्षांच्या लोकसंख्येशीं उच्च शिक्षणांत नांव घातलेल्यांचें प्रमाण आपल्या राज्यांत शेंकडा ३५.३, तर साऱ्या देशांत २८.४. हें प्रमाण २०३५ पर्यंत ५० वर न्यावें, असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें योजिलें आहे. आपली मजल पुढें आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. ज्या घरांत कोणी कॉलेजाची पायरी चढलें नव्हतें, त्या घरांतल्या मुली आज ती चढत आहेत. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु सरासरीचें माप मोठें लबाड. पुण्याचें भरलेलें कोठार आणि मेळघाटची रिकामी कणगी एकत्र ओतून तें सर्वांच्या वांट्यास सारखेंच धान्य दाखवितें. राज्यघटनेनेंहि हें ओळखलें असावें असें वाटतें. कारण विदर्भादि भागांस तांत्रिक व व्यवसाय-शिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीनें मिळाव्या, यासाठीं राज्यपालांवर खास जबाबदारी टाकण्याची तरतूद ३७१ व्या कलमांत आहे. त्याखालीं १९९४ सालीं निघालेल्या विकास मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर सरली. असो. आम्ही वऱ्हाडांतले, त्यांतूनहि वरुडचे. तेव्हां राज्याचें माप आमच्या गांवास लावून पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

वरूड हें संत्र्यांचें गांव. उत्तरेस सातपुडा, त्यापलीकडे मध्यप्रदेश, आणि गांवाभोंवतीं बागाच बागा. अमरावती येथून सुमारें ९० किलोमीटर. १९२३ सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. नागपूर विद्यापीठहि त्याच सालचें. पुढें डॉ. पंजाबराव देशमुखांनीं शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारें शेतकऱ्याच्या मुलास विद्येच्या वाटेवर आणलें. १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ झालें, आणि १ मे १९८३ रोजीं अमरावतीस निराळें विद्यापीठ. त्यास पुढें गाडगेबाबांचें नांव मिळालें. बाबा स्वतः शाळेंत शिकले नव्हते, पण घरचीं भांडीं विकावीं लागलीं तरी मुलांस शिकवा, असें कीर्तनांतून सांगत. आज वरुडच्या मुलास पदवीसाठीं गांव सोडावें लागत नाहीं. सोयीच्या परीक्षेंत आम्ही उत्तीर्ण, असें म्हणावयास हरकत नसावी.

मग अडतें कोठें? गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका स्नेह्यांच्या बागेंत गेलों होतों. त्यांचा मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला, निकालहि चांगला. चार-पांच झाडांच्या बुंध्यांतून डिंक ओघळत होता. वडिलांनीं सहज विचारलें, "बापू, हे काय होय रे?" मुलगा गप्प राहिला. वडिलांनीं औषधवाल्यास फोन लावला, आणि संध्याकाळपर्यंत भारी किंमतीची एक बाटली बागेंत आली.

आतां हा रोग म्हणजे डिंक्या. बुंध्याशीं पाणी सांचून राहिलें कीं तो बळावतो. म्हणून दुहेरी आळें करून पाणी बुंध्यापासून दूर ठेवावें, आणि बुंध्यास बोर्डो मलम लावावें, असें सांगतात. हें मलम कशाचें? मोरचूद आणि चुना यांचें. दोन्हीं द्रव्यें त्या मुलानें प्रयोगशाळेंत हाताळलेलीं, त्यांचीं सूत्रें तोंडपाठ! तीन वर्षांत त्यास शेंकडों प्रश्न विचारले गेले. बापाच्या झाडाचा मात्र एकहि नाहीं. मुलास बोल लावणें अन्यायाचें होईल. तीच गत पाण्याची. वरूड तालुक्यांत जमिनीखालच्या पाण्याचा उपसा भरण्याहून अधिक, विंधनविहिरी खोल खोल जात आहेत, आणि भूगोलाचा विद्यार्थी दुसऱ्याच कोठल्या नद्यांचीं खोरीं रंगवीत आहे.

मापणारे नाहींत असें नव्हे. १९९४ पासून 'नॅक' आहे. तिची समिति येणार म्हटलें कीं भिंतींस रंग लागतो आणि फायली फुगतात. २०१६ पासून राष्ट्रीय मानांकनाची यादी निघते. तींत पदवीनंतरची नोकरी व पुढील शिक्षण यांचाहि हिशेब असतो, हें चांगलें. आमच्या स्नेह्यांचा मुलगा पुण्यास नोकरीस गेला तर तो त्या हिशेबांत सुखानें बसेल. तो बागेंतच राहिला आणि उद्यां मोरचूद-चुन्यानें चाळीस झाडें वांचवूं लागला, तर त्याच्या विद्येचें हें फळ कोणत्या रकान्यांत लिहिणार?

आमचे मतें राज्याच्या उच्च शिक्षणाची खरी झडती प्रवेशाच्या दिवशीं नव्हे, पदवीनंतर पांच वर्षांनीं घ्यावी. एका तालुक्यांतले शंभर पदवीधर गांठावे. काय करतां, शिकलेल्यापैकीं कशाचा उपयोग झाला, गांवांत अडचण पडली तर कोणी तुम्हांस विचारावयास येतें काय, एवढेंच पुसावें. यास समिति नको, अनुदानहि नको. एक वही आणि दोन प्राध्यापक पुरेत. उन्हाळ्याची सुटी त्यास बरी. अंबिया बहाराचीं फळें तेव्हां लहान असतात, आणि दिवेलागणीस पाणी देऊन झालें कीं बागाईतदार घरींच सांपडतो.