बाहुबलीच्या पायथ्याशी एक सायंकाळ

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजजवळच्या डोंगराला सारी पंचक्रोशी ‘बाहुबली’ याच नावाने ओळखते. १९६३ मध्ये प्रतिष्ठापित झालेली येथील २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती पाहावी ती सायंकाळी. ऊन उतरू लागले, की शुभ्र पाषाणावर सोनेरी छटा चढते.

चिरंजीव व सूनबाई कापडखरेदीसाठी इचलकरंजीला गेल्यामुळे दोन्ही नातवांची सायंकाळ माझ्या वाट्याला आली होती. सूर्यास्तापूर्वी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही मूर्तीसमोर बसलो. थोरला भगवंतांच्या अंगावर चढलेल्या वेली न्याहाळू लागला. धाकट्याने गोष्ट मागितली.

सैन्याचा संहार टळावा म्हणून भरत आणि बाहुबली हे बंधू आपसांतच लढले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध या तिन्हींत बाहुबली जिंकले आणि राज्य सोडून वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले.

“आजोबा, जिंकले होते ना? मग सोडले का?”

“हरलेला भाऊच होता, बाळा.”

धाकटा बराच वेळ मूर्तीकडे पाहत राहिला. परतताना रिकामा डबा कोणी धरायचा, यावरून दोघांत थोडी कुरबूर झाली. अखेर थोरल्याने तो मुकाट्याने उचलला.

एकाच पेढीवर बसणाऱ्या भावांच्या घरांत ही कथा वाटणीच्या कागदांआधी पोहोचावयास हवी. ती पोहोचविण्यास आपल्यासारख्या आजी-आजोबांजवळ सवडही असते आणि ऐकणारेही. मुलांना एकदा तरी दिवस मावळण्यापूर्वी येथे आणावे.