चौदावी खेळी

३ जुलै
पुतणी रोज संध्याकाळी माझी जुनी बुद्धिबळाची पुस्तकं वाचायला बसते. तिला ई४, एनएफ३ ही आजची नोंद तोंडपाठ. वर्णनात्मक पद्धत तिने पाहिलेलीच नव्हती. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९८१ मध्येच त्या पद्धतीची मान्यता काढली, त्यामुळे पुतणीचा दोष नाही. पी-के४ पांढऱ्याचं वेगळं आणि काळ्याचं वेगळं, कारण प्रत्येक जण आपल्या बाजूने घरं मोजतो, असं सांगितलं तेव्हा म्हणाली, "काका, म्हणजे एकाच घराला दोन पत्ते?" अगदी. वर के म्हणजे राजा, म्हणून जुन्या इंग्रजी पुस्तकांत घोड्याला केटी. छापताना त्यातला टी गळला की घोड्याचा राजा होतो! अशी चूक मात्र निरुपद्रवी, कारण ती खेळी पटावर बहुधा करताच येत नाही.

५ जुलै
आज मॉर्फीचा पॅरिसच्या ऑपेरातला १८५८ चा डाव लावला. समोर ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघे मिळून काळ्याकडून. फुटपाथवरून आणलेल्या माझ्या पुस्तकात पांढऱ्याची चौदावी खेळी आर-के१ छापली आहे. खेळी नियमात बसते. कोपऱ्यातला हत्ती ई१ पर्यंत सरळ येतो, वाटेत कुणी नाही. पुतणीने तो तिथे ठेवला. काळ्याचा वजीर ई६ वर. पांढऱ्या उंटाने डी७ वरचा हत्ती मारून शह दिला, घोड्याने उंट घेतला. मग वजीर थेट बी८ वर, शह, आणि घोड्याने तो वजीरही उचलला. इथवर कुठे काही खुपत नाही. सतरावी खेळी: आर-क्यू८, म्हणजे हत्ती डी८ वर, मात.

"काका, हा हत्ती तिरका चालतो का?"

मी मुद्दामच काही बोललो नाही. तिने मोहरे एकेक करून मागे नेले. मात देणारा हत्ती डी फाइलवरच हवा, मग तो तिथे आला कधी? चौदाव्या खेळीपाशी थांबून तिने पट बराच वेळ न्याहाळला. बी५ वरच्या उंटाने डी७ वरचा हत्ती पिन केलाय, त्याच्यावर दुसरा हत्ती लावायचा, बस. के नव्हे, क्यू. पुस्तक बिनचूक असतं तर तिने ही खेळी नुसती करून पुढची वाचली असती.

८ जुलै
छापण्याची चूक पट कधी ना कधी पकडतो. वाक्प्रचाराचं तसं नाही, तिथे पट मूग गिळून बसतो. पेत्रोस्यानचा रेशेव्स्कीविरुद्धचा, झुरिक १९५३ चा डाव चालला होता. पंचविसाव्या खेळीला पेत्रोस्यान हत्ती ई६ वर नेतो आणि टिपेत लिहिलंय की तो एक्स्चेंजचा त्याग करतो. पुतणीने अर्थ लावला, मारामारी टाळतो. खेळ्या सगळ्या जुळत गेल्या, म्हणून शंका येण्याचं कारणच नाही. उंटाने हत्ती मारला, प्याद्याने उंट मारला, आणि ही आपली म्हणतेय, "टाळतो म्हणाले, आणि झाली की मारामारी!" मग हिशेब करायला लावला: काळ्याचा हत्ती गेला, बदल्यात उंट आला. हत्ती आणि उंट-घोडा यांच्या किमतीतला हा जो फरक, त्यालाच इंग्रज लेखक 'द एक्स्चेंज' म्हणतात. पेत्रोस्यानने तो सोडला तो पांढऱ्याची मधली प्यादी अडवून धरायला आणि घोड्याला डी५ चं घर मिळवून द्यायला. डाव बरोबरीत सुटला. हे समजल्यावर तिने सगळा डाव पुन्हा लावला. माझं जेवण लांबलं.

११ जुलै
'बाकी सगळा तंत्राचा भाग' हे इंग्रजी बुद्धिबळ पुस्तकांतलं सर्वांत आळशी वाक्य. पुढच्या तीस खेळ्यांत नवशिक्याचा जीव जातो, आणि लेखक तिथेच रजा घेतो. 'स्विंडल' हा शब्द मात्र मला आवडतो. हरलेल्या डावात बेमालूम सापळा लावून सुटका करून घेणं, त्यात लबाडी काही नाही. अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने १९१४ मध्ये आपल्या डावांच्या पुस्तकाच्या नावातच हा शब्द मिरवला.

१४ जुलै
पुतणीला फिशरच्या साठ डावांचं पुस्तक हवंय. कोणती आवृत्ती, ते आधी बघावं लागेल. मूळ पुस्तक १९६९ चं, वर्णनात्मक नोंदीतलं. १९९५ ला लंडनच्या प्रकाशनाने ते नव्या नोंदीत आणलं, आणि आणता आणता फिशरच्या मजकुरातही हात घातला. स्टॉकहोम १९६२ च्या बोल्बोचानविरुद्धच्या डावात तर त्याचं बरोबर असलेलं विश्लेषण 'सुधारून' चुकीचं करून ठेवलं. फिशर जाहीरपणे भडकला, आणि यावेळी त्याचा राग रास्त होता. खिळे जुळवणाऱ्याचा हात चुकला तर समजू शकतो, पण हा शहाणपणा! २००८ मध्ये मूळ मजकूर नव्या नोंदीत पुन्हा निघाला. फिशर त्याच वर्षी जानेवारीत गेला होता.

पुतणी म्हणते, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून फरक शोधू. दिवाळीच्या सुट्टीत बसू म्हटलं. तोवर १९९५ ची प्रत कुणाकडून तरी मागून आणायला हवी, विकत तर मी घेणार नाही.