पुराचे चित्र

आमच्या सांगलीच्या घरी माडीवर एका फ्रेंच चित्राची छापील प्रत पुष्कळ वर्षांपासून टांगलेली आहे. डावीकडे मद्यविक्रेत्याचे घर, निश्चल पाण्यात पडलेले त्याचे प्रतिबिंब, एक-दोन नावा आणि वर ढगांनी भरलेले परंतु प्रसन्न आकाश. हे कोणत्या तरी संथ नदीचे पात्र असावे, अशी आमची समजूत होती. दमल्याभागल्या दृष्टीस तेथे विसावा मिळे.

पुढे एका ग्रंथात वाचले की, ते पात्र नव्हेच. तो गावचा रस्ता! पॅरिसजवळच्या पोर-मार्ली गावात १८७६ साली सीन नदीचा पूर शिरला, त्या वेळी आल्फ्रेड सिस्ले याने रंगविलेल्या अनेक चित्रांपैकी हे एक.

खरे सांगावयाचे तर, आम्हांस रागच आला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई आमच्या माजघरात शिरली होती. पाणी ओसरल्यावर आठ दिवस आम्ही चिखल उपसला. वडिलांच्या पोथ्यांचा लगदा ओंजळींनी बाहेर टाकला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संसार बुडत असता पाण्यावरचा उजेड टिपीत बसणे, हा निर्दयपणा नव्हे काय?

परंतु सिस्लेचे चरित्र वाचले आणि हा आक्षेप लटका पडला. १८७०-७१ च्या युद्धात पित्याचा व्यापार बुडाल्यापासून त्याच्यामागे लागलेली विवंचना कधी सुटलीच नाही. १८९९ च्या जानेवारीत तो दारिद्र्यातच वारला. आणि पुढच्याच वर्षी हे चित्र ४३,००० फ्रँकांस विकले गेले! आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बुडणे म्हणजे काय, हे अशा मनुष्यास दुसऱ्याने शिकवावयास नको होते. तरीही त्याने पाण्यास वैरी ठरविले नाही.

मग आमचा राग कोणावर होता? पुराच्या चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. माडीच्या खिडकीतून पाहतो, तो बोळातल्या पाण्यावर कोवळे ऊन पसरले होते आणि समोरचा कडुलिंब त्यात पानन् पान उमटला होता. क्षणभर आम्ही सारे विसरून पाहतच राहिलो. ही गोष्ट लाजेपोटी आम्ही घरातही कोणास सांगितली नव्हती.

सिस्लेने ती न लाजता सांगितली, एवढेच. चित्र अद्याप त्याच खिळ्यावर आहे.