मावळांतील पायीं सहल : ऋतु आणि तयारी

लोणावळ्याचें नांव निघालें कीं घरांतील तरुण मंडळींस आषाढ-श्रावणांतील धबधबे आठवतात. त्या शोभेविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु मुलांबाळांसह गड चढावयाचा असेल, तर आम्ही आश्विन-कार्तिकच सुचवूं. माथ्यावर पाऊस कोसळत असला म्हणजे खालीं उघडीप असतांही ओढा बघतां बघतां फुगतो. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, हें विसरतां येत नाहीं. दसऱ्यानंतर पायऱ्या कोरड्या होतात, शेवाळ वाळतें, आणि डोंगराची हिरवळ मात्र टिकून असते. फाल्गुनापुढें ऊन सोसवत नाहीं.

प्रथमच निघणाऱ्यांनीं लोहगड निवडावा. २०२५ सालीं जागतिक वारसा-यादींत गेलेल्या मराठा दुर्गांपैकीं हा एक. पुण्याहून लोकलनें मळवलीस उतरावें, भाजें येथील इसवी सनापूर्वींचीं लेणीं पाहावीं, आणि गायमुख खिंडींतून गडाकडे वळावें.

गडावर टाकीं असलीं तरी पिण्याचें पाणी माणशीं दोन लिटर घरूनच घ्यावें. दशम्या, गूळ-दाणे, पकड घेणारे जोडे आणि वडील मंडळींचीं औषधें बरोबर असावींत. विंचूकाट्याच्या माचीवर मुलांचा हात सोडूं नये. परत फिरण्याची वेळ घरींच ठरवावी, व ती पाळावी. अवकाळी पाऊस आलाच तर भरलेला ओढा ओलांडूं नये, थांबावें. गड पुढल्या वर्षींही तेथेंच असणार आहे.