कितपत

पंधरापैकी तीन. लाल पेनाने, भोवती गोल करून. खाली दोन शब्द, तेही हिंदीत : ‘प्रश्न पढ़ें’. २०१८ सालचा तो पेपर अजून माझ्या कपाटात आहे. आईने दोनदा रद्दीत घातला, दोन्ही वेळा मी गठ्ठ्यातून ओढून काढला. ती म्हणाली, नापासाचा कागद कोण जपून ठेवतं गं? मी म्हटलं, मी नापास झालेच नव्हते. यावर ती काही बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

मागचं पुढचं थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे ते सगळ्यांचं सारखंच असतं. घर संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत, संजयनगरला. बाबा चिकलठाणा एमआयडीसीत. बीए इतिहास घेऊन, कारण तो ‘सोपा’. मग अभ्यासिका, मग टेस्ट सिरीज. शहरातल्या एका क्लासची होती, नाव घेत नाही. फी भरताना ‘मराठी माध्यमाची खास सोय’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, एवढं सांगते.

सोय म्हणजे काय, तर उत्तर मराठीत लिहायला परवानगी. ती तर केंद्रीय लोकसेवा आयोगाचीच आहे, त्यात क्लासचं काय? प्रश्न मात्र आयोगासारखेच, इंग्रजीत आणि हिंदीत. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याने प्रश्न आधी डोक्यात मराठीत आणायचा आणि मग उत्तर द्यायचं. दहा-अकरा मिनिटांत अडीचशे शब्द. हे काम ज्याने केलंय त्यालाच कळेल.

प्रश्न असा होता : दोन्ही महायुद्धांना जर्मनीला कितपत जबाबदार धरता येईल? चिकित्सक चर्चा करा. आयोगाच्या २०१५ च्या मुख्य परीक्षेत तो आलेला आहे आणि तेव्हापासून प्रत्येक टेस्ट सिरीजमध्ये फिरतो आहे. हे वर लिहिलेलं मराठी माझं आहे, आत्ताचं. तेव्हा माझ्यासमोर हिंदीत होतं, ‘किस सीमा तक’. आणि मी काय वाचलं? सीमा.

हसू नका. हातात घड्याळ, पाच प्रश्न उरलेले, बाजूचा मुलगा खसाखस पानं उलटतोय, आणि मला दिसली ती सीमा म्हणजे सरहद्द. मी अर्धं पान सरहद्दी लिहिल्या. अल्सेस-लॉरेन फ्रान्सला, डान्झिग राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली, पोलंडला समुद्रापर्यंतची पट्टी, ऱ्हाइनलँड लष्करमुक्त. एक छोटा नकाशाही काढला. नकाशा चांगला आला होता. अजून चांगला दिसतो.

शेवटच्या ओळीपर्यंत माझा समज होता की हा माझा सर्वांत उत्तम पेपर.

पेपर परत मिळाला तेव्हा पहिल्या पानावर एक टिकमार्क, दुसऱ्यावर एक तिरकी रेघ, तिसरं पान कोरं. म्हणजे माझं लिहिलेलं होतं, तपासणाऱ्याचं काही नव्हतं. मी क्लासच्या ऑफिसात गेले. तिथल्या ताई म्हणाल्या, “इव्हॅल्युएटर बाहेरचे असतात, मॅडम.” मी विचारलं, “बाहेरचे म्हणजे कुठले?” त्या म्हणाल्या, “बाहेरचे.” मी विचारलं, त्यांना मराठी येतं का? त्यांनी पुढच्या मुलाची पावती फाडायला घेतली. मी तिथे बहुतेक वीस मिनिटं उभी होते. एका माणसाने माझी तीन पानं वाचली की नाही, एवढंच मला हवं होतं. गुण वाढवून नकोत. वाचलं का, एवढंच. त्याने मला ‘प्रश्न पढ़ें’ सांगावं आणि स्वतः उत्तर वाचलेलं नसावं, ही गोष्ट मी पुढची दोन वर्षं भेटेल त्याला सांगितली. बसमध्ये सांगितली, लग्नात सांगितली. बाबा म्हणायचे, तुझी केस कोर्टात घालू का?

राग खरा होता आणि अजून आहे. ज्या भाषेत उत्तर चालतं त्या भाषेत प्रश्न का नको, हे मला आजही कोणी समजावून द्यावं. पण ही हिंदीची ढाल मी फार दिवस वापरली, हेही खरं. कारण प्रश्न मराठीत असता, ‘कितपत’ असं सुटसुटीत छापलेलं असतं, तरी मी तेच लिहिलं असतं. हे मला माहीत आहे, कारण दोन वर्षं आधी मी तेच लिहिलं होतं.

पदवीच्या परीक्षेत प्रश्न होता : ‘व्हर्सायच्या तहात दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती. चर्चा करा.’ अपेक्षित प्रश्नसंचात दरवर्षी पहिल्या पानावर असणारा प्रश्न. मी तहाची कलमं लिहिली. २८ जून १९१९, आरसेमहाल. सैन्य एक लाखावर. वसाहती गेल्या. कलम २३१, युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांची. नुकसानभरपाई, जी १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरली. काळ्या पेनाने मुद्दे, निळ्याने स्पष्टीकरण, दोन पुरवण्या. सुरुवातीला मार्शल फॉशचं म्हणून सांगतात ते वीस वर्षांच्या युद्धबंदीचं वाक्य चौकटीत. वीसपैकी सोळा. चर्चा कुठेच नव्हती. बीज होतं तर ते रुजलं कसं, पाणी कोणी घातलं, याबद्दल एक ओळ नाही. सरांनी वर्गात माझा पेपर वाचून दाखवला होता.

मग अभ्यासिकेत जालन्याचे एक सर भेटले. अभ्यासिकेत सगळेच एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतात. बेकार असले तरी सर. हे चौथ्यांदा मुख्य देणारे, रोज सकाळी पॅसेंजरने मुकुंदवाडी स्टेशनवर उतरून चालत यायचे. मी त्यांनाही माझी कहाणी सांगितली, पेपर दाखवला. त्यांनी तिन्ही पानं वाचली. नीट, बोट फिरवत. मला तेवढ्यानेच भरून आलं. मग म्हणाले, “मॅडम, हे सगळं बरोबर आहे. १९२८ला हिटलरला किती मतं पडली?”

मला माहीत नव्हतं.

“अडीच टक्क्यांच्या वर थोडी. दोन पूर्णांक सहा. बारा जागा. तह होऊन नऊ वर्षं झाली होती.”

त्या आकड्याने माझ्या दोन पुरवण्या उडाल्या. तह तोच, अपमान तोच, कलम २३१ तेच, आणि नऊ वर्षांनी शंभरातले सत्त्याण्णव जर्मन या माणसाला मत देत नाहीत. कारण १९२३ ची ती भयंकर चलनवाढ आटोक्यात आली होती, १९२४ च्या डॉज योजनेमुळे अमेरिकेचं कर्ज येत होतं, १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात बसला होता. मग ऑक्टोबर १९२९, वॉल स्ट्रीट. कर्ज परत मागितलं गेलं, कारखाने बंद. सप्टेंबर १९३० ला सव्वाअठरा टक्क्यांच्या जवळपास. १९३२ च्या सुरुवातीला बेकार साठ लाखांवर, आणि जुलैत सदतीस टक्के, २३० जागा. याच उन्हाळ्यात लोझानला नुकसानभरपाई जवळजवळ माफ करण्यात आली. म्हणजे ज्या ओझ्यावर मी एक अख्खं पान लिहिलं, ते उतरत होतं आणि मतं चढत होती.

मी म्हटलं, मग तहाचा काही संबंधच नाही म्हणायचं का? तर सर चिडले. “मी असं म्हटलं का? असंतोष तहाने पुरवला, काडी मंदीने लावली. पण घरात रॉकेल आहे म्हणून रोज आग लागत नाही. ‘कितपत’ला ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर नसतं, मॅडम. किती, आणि कुठपर्यंत, ते द्यावं लागतं.”

अभ्यासिकेत वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ होतं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. आम्ही सगळ्यांनी ते वाचलेलं, कोणी अर्धं, कोणी दोनदा. भस्मासुर म्हटलं की आपल्याला शेवट आठवतो, मोहिनी, डोक्यावर हात, राख. वर कोणी दिला होता हे पटकन आठवत नाही. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची मतं तेहतीस टक्क्यांवर घसरली होती. उतरणीला लागलेल्या पक्षाच्या नेत्याला ३० जानेवारी १९३३ ला चान्सेलर केलं ते हिंडेनबर्गने, फॉन पापेनच्या सल्ल्याने, त्याला आपण मुठीत ठेवू अशा समजुतीने. तिथे व्हर्साय कुठे आहे? तिथे चार शहाणी माणसं आहेत.

आणि प्रश्नात ‘दोन्ही’ हा शब्दही होता. तोही मी खाल्ला होता. १९१४ चा हिशेब वेगळा. सारायेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, जर्मनीने जुलैच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाला कोरा चेक दिला हे खरं. पण सर्बियाला निर्वाणीचा खलिता ऑस्ट्रियाने पाठवला, आणि सगळं सैन्य सज्ज करण्याचा पहिला मोठा हुकूम रशियाचा. बेल्जियममध्ये घुसला तो जर्मनी. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच १९६१ मध्ये आपल्या देशावर बोट ठेवलं तेव्हा तिकडे केवढी बोंबाबोंब झाली. १९३९ ला मात्र पोलंडवर कोण चालून गेलं यात शंका नाही. त्याआधी म्युनिकला कोणी मान डोलावली आणि ऑगस्टमध्ये मॉस्कोत करार कोणी केला, तेवढाच वाटा दुसऱ्यांचा. म्हणजे पहिल्यात जर्मनी वाटेकरी, मोठा वाटेकरी; दुसऱ्यात जवळजवळ मालक. हे दोन वाक्यांत लिहिता येतं. मला ते लिहायला सात मसुदे लागले आणि सातवा मी कोणाला दाखवला नाही.

मुख्य पास झाले का, हे विचारू नका.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण वेगळंच आहे. २०२५ च्या जूनमध्ये आमच्या मुकुंदवाडीत भांडणातून एका तरुणाचा खून झाला आणि लगोलग जालना रोडच्या कडेला जेसीबी आले. अतिक्रमणं पडली. जिथे मी बारावीपासून वह्या घेतल्या ते दुकान सकाळी होतं, संध्याकाळी विटा. आठवडाभर चौकात एकच वाद. एक म्हणे, खून झाला नसता तर दुकानं वाचली असती. दुसरा म्हणे, रस्ता आराखड्यात कधीचा मोठा आहे, आज नाही तर उद्या पडलीच असती. तिसरा म्हणे, मुळात बांधायलाच नको होती. चहावाला म्हणे, तुम्ही तिघं आधी उधारी द्या. मी ऐकत उभी होते आणि माझ्या डोक्यात सारायेव्हो. निमित्त कोणतं, कारण कोणतं, आणि आधीपासून काय साचलेलं होतं. ज्याचं दुकान गेलं त्याला मी हे सांगायला गेले नाही, एवढी अक्कल आहे.

आता मी स्वतः पेपर तपासते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, जवळजवळ दिल्लीच्या धर्तीवर. याच बदलाविरुद्ध २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती. वर्षानुवर्षं गोल काळे करणाऱ्या मुलांच्या हातात एकदम पेन आलं. एका छोट्या क्लासने मला पेपरामागे पैसे ठरवून दिले. मी अट घातली : प्रश्न मराठीतही छापायचे. त्यांनी छापले. ‘कितपत’ ठळक अक्षरात छापा म्हटलं, तेही छापलं.

मुलांना सांगते, पेन उचलण्याआधी प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. ‘स्पष्ट करा’ म्हणजे समजावून द्या, ‘मूल्यमापन करा’ म्हणजे वजन करा, ‘चिकित्सा’ म्हणजे शिव्या नव्हेत. पहिल्या दोन ओळींत आपलं म्हणणं सांगून टाका, गुपित ठेवू नका. तपासणाऱ्याला वेळ नसतो, त्याला पेपरामागे पैसे मिळतात. हे शेवटचं मी आता आतून सांगते. चाळीस पेपर झाले की माझाही डोळा तिसऱ्या पानावरून घसरतो. त्या ‘बाहेरच्या’ माणसाला मी दोन वर्षं ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या अर्ध्या मागे घ्यायला तयार आहे. उरलेल्या अर्ध्या नाही.

परवा रात्री तोच प्रश्न तपासत होते. अंबडकडच्या एका मुलाचा पेपर. अक्षर मोत्यासारखं. २८ जून १९१९, आरसेमहाल, एक लाख सैन्य, कलम २३१. चौकटीत फॉश. खाली नकाशा, माझ्यापेक्षा सरस. डान्झिगला लाल टिंब, पट्टी पेन्सिलने हलकेच छायांकित केलेली. ‘कितपत’ कुठेच नाही. ‘दोन्ही’ही नाही. तिन्ही पानं वाचली, बोट फिरवत. प्रत्येक पानावर खूण केली. १९२८ ला किती मतं पडली ते शोध, असं समासात मराठीत लिहिलं.

गुणांच्या चौकटीत आधी आठ लिहिले. नकाशाकडे बघून. मग खोडून चार केले. पेपर बंद केला, दुसरा घेतला, परत तो उघडला, आणि चारच्या पुढे अर्धा वाढवला.