नेमाची बंदूक

मराठीत ‘नेम’ हा शब्द एकाच वेळी दोन घरांत नांदतो. एक घर व्रताचे. नेमधर्म, नेमाने देवळात जाणे, चातुर्मासातले नेम ही त्या घरची माणसे. दुसरे घर शिकाऱ्याचे. तिथे नेम धरतात, नेम साधतो आणि बहुधा चुकतो. संस्कृत ‘नियम’मधून आलेला हा शब्द नित्याच्या आचाराकडून लक्ष्यावर रोखलेल्या डोळ्याकडे कोणत्या वाटेने गेला, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. आम्हाला मात्र त्याचा तिसरा उपयोग अधिक मोलाचा वाटतो. ज्या पावसाचा, ज्या गाडीचा किंवा ज्या माणसाचा भरवसा देता येत नाही, त्याच्याविषयी आपण ‘त्याचा काही नेम नाही’ असे म्हणतो. गेले चार महिने आमच्या घरी एक बंदूक निवडण्याचा खल चालला होता आणि या तिन्ही अर्थांना त्यात सारखेच काम पडले.

बंदूक हवी होती ती आमच्या पुतणीला. ती नववीत आहे आणि दोन वर्षांपासून दुधाळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवली. शस्त्रांशी आमचा संबंध वीररसाची उदाहरणे देण्यापुरता. पण कोल्हापुरात राहून या खेळाविषयी अजाण राहणे अवघड आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले, त्याच वर्षी शाहू माने युवा ऑलिम्पिकमधून एअर रायफलचे रौप्य घेऊन आला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा या शहरात पेढे वाटले गेले. ज्या गावाची ओळख तालमीची, लाल मातीची आणि खासबागेची, त्या गावाने श्वास रोखून निश्चल उभे राहण्याचा खेळ इतक्या मनापासून आपला मानावा, याचे आम्हाला अजूनही नवल वाटते.

हवेची बंदूक म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे जोतिबाच्या यात्रेतला फुग्यांचा फळा येतो. ती बंदूक मधोमध मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जायची, छर्रा घालायचा आणि फुगा सोडून कुठेही मारायचा. त्या बंदुकीचा काही नेम नव्हता, आणि फळेवाल्याचा धंदा त्यावरच चालत असे. पुतणीला हवी असलेली रायफल त्याच कुळातली असली, तरी नाते इतके दूरचे की सोयरसुतकही लागू नये. तिच्या नळीखाली एक लांबट सिलिंडर असतो. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरतात. आतला रेग्युलेटर त्यातून प्रत्येक बाराला ठरावीक आणि स्थिर दाबाची चिमूटभर हवा सोडतो. एकदा बाटली भरली की शेकडो बार निघतात. ‘बाटलीवर वाढलेली’ अशी चेष्टा आम्ही सुरुवातीला केली. पुतणीला ती आवडली नाही, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

आधीच्या रायफलींचा इतिहास वाचताना आमचे कुतूहल जागे झाले. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीत असतानाच आतला दट्ट्या पुढे धावतो आणि सारे हत्यार हिसका खाते. १९६०च्या दशकात जर्मनीतल्या फाइनवेर्कबाउने त्यावर एक युक्ती काढली. नळी व यंत्रणा रुळांवर बसवली, म्हणजे हिसका रुळांवरच जिरावा आणि नेमबाजाच्या खांद्याला तो कळू नये. पुढे एकाच दमात हवा दाबणारी तरफ आली, नंतर कार्बन डायऑक्साइड आला, पण तो तापमानाप्रमाणे दाब बदलतो. अखेरीस गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी ही भरलेली हवा आली. या साऱ्या प्रवासात बंदूक अधिक जोरकस करण्याचा प्रयत्न कुणी केलेला दिसत नाही. स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा सेकंदाला जेमतेम १७० ते १७५ मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही, तो यामुळेच. साठ वर्षांची सारी कारागिरी खर्ची पडली ती पहिला बार आणि साठावा बार यांत फरक राहू नये म्हणून. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेले वाघ आणि भिंतीवरच्या बंदुका आपण पाहतो. तिथे हत्याराचे मोल त्याच्या बळावर ठरलेले आहे. इथे ते नेमावर ठरते, म्हणजे व्रताच्या अर्थाने.

लक्ष्य किती लहान, हे समजल्यावर आम्ही जरा गप्पच झालो. दहा मीटरवरच्या त्या कागदी चकतीचा व्यास ४५.५ मिलिमीटर, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. बाण फळापेक्षा मोठा आहे! २०१३पासून गुण दशांशात मोजतात. पाव मिलिमीटर सरकले की एक दशांश गेला. असे साठ बार, पंच्याहत्तर मिनिटांत, उभ्याने.

पुतणी आतापर्यंत क्लबची रायफल वापरत होती. तीच रायफल आणखी चौघे वापरत. तिची अडचण तिने एका वाक्यात सांगितली.

“काका, माझ्या आधी एक उंच पोरगं मारतंय. रोज गालाची फळी खाली घ्यायची, दस्ता आत घ्यायचा, आणि मी नेम धरतो तोवर पंधरा मिनिटं गेलेली असत्यात.”

कोल्हापूरच्या मुली ‘मी धरतो’ असेच बोलतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. पण पंधरा मिनिटांपेक्षा मोठी गोष्ट तिच्या बोलण्यात होती. या खेळात शरीराने एक ठेवण पाठ करायची असते. गाल फळीवर रोज त्याच जागी टेकला, डोळा मागच्या बारीक छिद्रामागे रोज त्याच अंतरावर आला, तरच उरलेले काम करता येते. हत्यार रोज थोडे वेगळे असेल, तर शरीर काय पाठ करणार? रोज नवी आवृत्ती हाती देऊन पाठांतर मागण्यासारखेच ते.

तेव्हा स्वतःची रायफल घ्यायची, इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. मतभेद पुढे होते. नवी जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. जाड कॅनव्हासचा कोट, पँट, बूट, हातमोजा हे निराळेच. आमचा धाकटा भाऊ उद्यमनगरात लेथ चालवतो. स्वतःचा लहानसा कारखाना आहे, त्यावर कर्जही आहे. स्वप्नीलच्या शिक्षक वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याची बातमी पॅरिसनंतर सर्वांनी वाचली होती, आणि घरोघरच्या आईबापांना ती एकाच वेळी धीर देणारी आणि धास्ती घालणारी वाटली असावी. भावजयीने एके रात्री जेवणे झाल्यावर सरळ विचारले, “दादा, दहावीनंतर हिनं सोडलं तर? तुम्ही शिकवलेली किती पोरं पुढं कविता लिहितात?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. आमच्या निवृत्तीच्या पैशांतला काही भाग आम्ही देऊ केला होता. तेवढ्याने प्रश्नाची धार बोथट होत नाही.

भारतीय बनावटीच्या हवेच्या रायफली आता मिळतात आणि त्या स्वस्तही आहेत. नवशिक्याला त्या पुरतील असे प्रशिक्षकांचे म्हणणे. पुतणी नवशिकी राहिलेली नव्हती. शेवटी दोन पर्याय उरले. एक नवी कोरी, कर्ज काढून. दुसरी, खेळ सोडलेल्या एका नेमबाजाची २०१२च्या बनावटीची वॉल्थर, जवळपास निम्म्या किमतीत.

वापरलेल्या रायफलीविषयी आमचा सल्ला कुणी विचारला नाही, हे बरे झाले. ती पाहायला भाऊ गेला आणि सोबत आम्ही. ज्या नजरेने आम्ही जुनी पोथी उघडतो, त्या नजरेने त्याने ती नळी पाहिली. भिंगाखाली धरून नळीच्या तोंडाची कडा त्याने फिरवून फिरवून न्याहाळली. छर्रा नळीबाहेर पडतो त्या शेवटच्या क्षणी मागची हवा चहूबाजूंनी सारखी निसटली पाहिजे. कडेवर एक ओरखडा असला तरी ती एका बाजूने आधी निसटते आणि छर्ऱ्याला ढकलते. “दादा, कड शाबूत आहे,” तो म्हणाला. मग चाप. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला सुटतो, आणि तो दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा मोकळा, मग एक अदृश्य भिंत, मग बार. ती भिंत रोज त्याच जागी आहे का, एवढेच त्याने पुनःपुन्हा तपासले. यंत्रांची परीक्षा घेताना भावाच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो आम्ही त्याच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता.

मालकाची परवानगी घेऊन रायफल दोन दिवस घरी आणली. भावाने कारखान्यात लाकडी जबड्यांचा एक शिकंजा बनवला, त्यात ती आवळली आणि दहा मीटरवर कागद लावला. माणूस वगळून रायफल काय करते ते पाहायचे होते. छर्रे दिसायला सारखे, पण डब्यांवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. प्रत्येक नळीला कोणता मानवेल ते आधी सांगता येत नाही. त्याच मापाच्या दुसऱ्या खेपेचा डबाही कधी कधी मानवत नाही. पाच डब्यांतले दहा-दहा छर्रे आम्ही मारले. एका डब्याची दहा भोके मिळून नऊ मिलिमीटरचा वेडावाकडा ठसा उमटला. ४.४९च्या एका डब्याने साडेसहा मिलिमीटरचे जवळजवळ गोल भोक पाडले. छर्राच साडेचारचा आहे हे ध्यानात घेता, ती नळी आपले म्हणणे दहाही वेळा जवळपास त्याच शब्दांत सांगत होती. भावाने तो कागद घडी न घालता फाइलीत ठेवला.

उरला प्रश्न सिलिंडरचा. त्याच्यावर बनावटीची तारीख कोरलेली असते आणि कंपनीने दिलेली मुदत दहा वर्षांची. म्हणजे ती २०२२ साली संपली होती. २०० बारचा दाब सोसणारी ती नळकांडी खांद्याला, गालाला लागून असते. मुदतीची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे. विक्रेता म्हणाला, “अजून चालतोय की.” चालत होता हे खरे. साहित्याच्या शिक्षकाला अशा वेळी गांडीव आठवले नाही तरच नवल. खांडववनाच्या वेळी अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने अर्जुनाला ते धनुष्य दिले आणि सोबत दोन अक्षय भाते. वर्गात आपण पोपटाच्या डोळ्याची गोष्ट सांगतो आणि तिथेच थांबतो, कारण ती एकाग्रतेच्या धड्याला सोयीची आहे. मौसलपर्वापर्यंत फारसे कुणी जात नाही. तिथे द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर तुटून पडतात, तेव्हा गांडीवाला दोरी चढवतानाच त्याला कष्ट पडतात आणि अक्षय भात्यातले बाण संपतात. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर ते धनुष्य वरुणाला परत करावे लागते. देवांनी दिलेल्या हत्यारालाही मुदत होती. ती फक्त कुठे कोरलेली नव्हती. आम्ही नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करायला सांगितली. विक्रेत्याने दोन दिवस विचार केला आणि मान्य केले.

हवा कुठून आणायची, यावर एका स्नेह्याने इस्पितळातल्या ऑक्सिजनचा तोडगा सुचवला. प्रशिक्षकांनी तो ऐकताच हात जोडले. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतल्या तेलाचा अंश एकत्र आला तर स्फोट होतो. पाणबुडे वापरतात तशा टाकीतून, कोरडी केलेली साधी हवाच भरायची. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच अधिक, तेव्हा गाळणी आणि ओल शोषणारा भाग वेळच्या वेळी बदलावा लागतो, हेही कळले. विमानप्रवासात सिलिंडर रिकामा करून न्यावा लागतो. तूर्त पुण्या-मुंबईपर्यंत रेल्वे आहे.

रायफल घेतली. भावजयीच्या प्रश्नाला उत्तर अजूनही नाही. तिने तो परत विचारलेला नाही, मात्र छर्ऱ्यांच्या डब्यांचा हिशेब ती स्वतः ठेवते. ४.४९च्या त्याच खेपेचे मिळतील तेवढे डबे भावाने एकदम मागवले. रायफलीचा दस्ता लांबीला, उंचीला आणि तिरक्यातही बदलता येतो, गालाची फळी वर-खाली होते, वजने लावता-काढता येतात. एकूण वजन साडेपाच किलोंच्या आत असले म्हणजे झाले. पहिल्या आठवड्यात पुतणीने सारी मापे एका वहीत लिहून घेतली आणि पुढची पाने कोरी सोडली. तिची उंची अजून वाढते आहे. दर तीन महिन्यांनी नवी मापे घ्यायची, असे तिने आणि भावाने ठरवले आहे. पहिली नोंद ऑगस्टमधली आहे: दस्त्याची लांबी, फळीची उंची, डाव्या कोपराची जागा, आणि शेवटी, वेगळ्या शाईत, सिलिंडरवरची नवी तारीख.