आधी तालिका, मग पीडीएफ

ग्रंथालयाचं संकेतस्थळ चांगलं की साधारण, हे मी बरीच वर्षं एकाच गोष्टीवरून ठरवत आलो: तिथून किती पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात? सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरसारख्या तालुक्यात राहणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असणार, असं वाटायचं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. 1893 साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयानं जुनी, दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली. या कामाबद्दलचा आदर आजही तसूभर कमी झालेला नाही. पण आता संकेतस्थळ उघडलं की मी आधी तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची शोधता येणारी यादी, शोधतो.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे फुकट मिळतं ते बहुतेक जुनं. आजचा कादंबरीकार, स्पर्धा परीक्षेचं यंदाचं पुस्तक, नवा अनुवाद हे सगळं कपाटातच असतं. आणि ते कपाट कुठल्या गावात आहे, हे कळायला हवं. बुलढाण्याचं जिल्हा ग्रंथालय गाठायचं तर शेगाव, खामगाव करत अर्धा दिवस मोडतो. पुस्तक आहे का, असलं तर कुणी नेलंय का, एवढं घरबसल्या कळणं ही आमच्याकडे चैन नाही, गरज आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यात वाचकाचा वेळ वाचवा हे एक आहेच.

तालिका पारखायची माझी एक ठरलेली रीत आहे. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ शोधायचं. पुस्तकावर अर्धा न आहे. मोबाइलवर बहुतेक जण अनुस्वार देऊन ‘युगांत’ लिहितात. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. मग पुस्तक कपाटात असूनही पडद्यावर उमटतं, ‘नोंद आढळली नाही’. कॉलेजातली मुलगी तेवढं वाचून फोन खिशात टाकते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. याउलट, नुसतं ‘कर्वे’ टाकलं तरी जिथे पुस्तक समोर येतं, दाखल क्रमांकाशेजारी ‘उपलब्ध’ की ‘वाचकाकडे’ हे लिहिलेलं असतं, ते संकेतस्थळ दिसायला कितीही साधं असो, मला मोठं वाटतं.

याला फार पैसा लागतो असंही नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, 2000 सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही ग्रंथालयांसाठीची संगणक प्रणाली मोफत आहे. मेहनत आहे ती नोंदी भरण्याची, आणि दोन्ही शुद्धलेखनं ध्यानात ठेवून भरण्याची. 1967 च्या राज्य ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांत दाखल नोंदवही असतेच. तालुक्यातल्या त्या वह्या एका ठिकाणी टंकून काढल्या, तर पातुर्ड्याच्या वाचकाला सोनाळ्यात काय आहे ते कळेल. हल्ली कुणी स्कॅनरसाठी वर्गणी मागायला आलं, तर मी आधी ती वही बघायला मागतो.